डाव्या खांद्यावरचा डबा

मोंबासा, रविवार, ता. ११ ऑगस्ट १९३५

ती. मामीस रुखमाचा साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. आमच्या घरामागच्या नळाला तीन पायऱ्या आहेत असं मी लिहिलं होतं. चार आहेत. सगळ्यात खालची गाळात बुडालेली असते, ती फोटो नीट पाहिल्यावर दिसली. पत्र पुंजाजी मापाऱ्यांनीच वाचून दाखवलं असेल, तर त्यांना सांग, तीन खोडून चार करा. चुकीचं काही तुझ्या पेटीत राहू नये.

तू विचारलं होतंस, पानी कुठं भरतं, भाजी कुठं घेतं, मले कसं दिसन? म्हणून मी ठरवलं आहे की रोज पाय पडतो त्या एकेका जागेचा फोटो काढायचा आणि तुला पाठवायचा. यांच्या मालगुदामातला एक साहेब विलायतेला परत गेला, जाताना त्याचा डबीसारखा कॅमेरा यांना देऊन गेला. एका फिल्मवर आठ फोटो निघतात. लोक इथे किल्ला आणि जहाजं काढतात. मी नळ काढते, गोरखचिंचेखाली बसणारा न्हावी काढते, कोळशाचा ढीग काढते. हे हसतात. "लोकांच्या बायका दागिने दाखवतात, आमची गटार दाखवते," म्हणतात.

फिल्म इथला एक गोवेकर धुऊन देतो. कागदावर मात्र यावेळी मी स्वतः छापलं. लाकडी चौकटीत फिल्म ठेवायची, तिच्यावर कागद, आणि चौकट खिडकीत उन्हाला लावायची. मग औषधाच्या पाण्यात बुडवायचं. हा माझ्या हातचा पहिला फोटो.  चौथीच्या परीक्षेलाही इतकी घाबरले नव्हते, कारण त्या दिवशी माझ्या वाटचं दळण तू दळलं होतंस आणि मला नुसतं बसून लिहायचं होतं.

फोटोत नळावर एक माणूस पाठमोरा उभा आहे. मी कॅमेऱ्याची कळ दाबली तेव्हा तो कुठून आला कळलं नाही. घासलेटचा डबा डाव्या हातानं उचलून डाव्या खांद्यावर घेतो आहे. डोक्याला आपल्याकडच्यासारखा पटका. पाहून जगदेव मामांची आठवण झाली. तेही घागर डाव्याच खांद्यावर घ्यायचे ना? ते आफ्रिकेला निघाले तेव्हा मी आठ वर्षांची होते, तरी तेवढं आठवतं.

बाकी खुशाल.

तुझी रुखमा

•

शेलूबाजार, ता. १६ सप्टेंबर १९३५

चि. सौ. रुखमाबाईस गोजराबाईचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तो फोटो पाह्यला अन् माह्या हातातलं सूप खाली पडलं. तो तुह्या मामाच हाय व. मी दहा वर्सं त्या पाठीकडं पाहूनच वावरात चालली, मले का वळखू येनार नाही? डावऱ्या जगदेव म्हनत होते त्याले साऱ्या पंचक्रोशीत. डाव्या हातानं तिफन धरे त लोक हासत.

तुह्या मोठ्या मामानं, मारोतरावभाऊजीनं, फोटो हातात घेतला अन् पारावर नेला. म्हने, "माहा भाऊ जिता हाय, पाहा." इंझोरीहून लोक पाहाले आले. एक म्हातारा म्हने, पाय वळखीचे वाटत नाहीत. भाऊजी म्हने, "तिकडलं पानी पिऊन पाय बदलत असतीन, हात बदलते का?"

तू त्याले विचार. नाव विचार. गाव विचार. म्हनजो, गोजरा अजून तुह्या घरात हाय. जिता होता त एक ओळ काहून नाही धाडली, हे बी विचारजो. नाही, हे नको विचारू. पह्यले नावच विचार.

गोजराबाई

वरचे बाईंनी सांगितले तसे लिहिले आहे. बाजारात धान्य मोजणाऱ्या मापाऱ्याचा धंदा, माप कमी-जास्त करायची सवय नाही. तीनचे चार केले आहेत. — पुंजाजी

•

मोंबासा, ता. ३ नोव्हेंबर १९३५

ती. मामीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी नळावर जाते आहे. तो माणूस पुन्हा दोनदा दिसला, पण मी पोचेपर्यंत निघून गेला. शेजारच्या भुरीबाईंना विचारलं. त्यांचे यजमान दौलतसिंग रेल्वेच्या पहाऱ्यावर आहेत, त्या सगळ्यांना ओळखतात. त्या म्हणाल्या, तो बंबईकडचा आहे. म्हणजे आपल्याच बाजूचा. मलाही आता तो मामाच असावा असं वाटतं.

धीर धर. नाव कळलं की लगेच लिहीन. सोबत गोरखचिंचेचा फोटो पाठवते. हिच्या खोडाला सहा माणसांची कव लागते.

तुझी रुखमा

•

शेलूबाजार, ता. ९ डिसेंबर १९३५

चि. सौ. रुखमाबाईस आशीर्वाद.

तुहा कागद आला. बंबईकडचा म्हनजे तोच. भाऊजीनं साखर वाटली.

आता एक गोष्ट सांगतो. तुले सांगतली नव्हती, लाज वाटे. दसऱ्याले बारा वर्सं भरनार होते. पंचायनं म्हटलं होतं, बारा वर्सं वाट पाह्यली, आता येत्या अखजीले, अक्षय तिजेले, जगदेवच्या नावानं घागर भरा अन् त्याले पितरायत बसवा. घागर भरली का मंग मी मोकळी. मंग माहा पाट लावाचं ठरलं होतं. मानूस चांगला हाय. बायको वारून सात वर्सं झाले. कोनाचा एक दाना जास्त घेत नाही.

आता थे सारं थांबलं. जित्या मानसाच्या नावानं घागर भरली त पाप हाय. भाऊजीनं पंचायले सांगतलं, नवरा असतानी पाट कायचा? अन् मीच नवीन बांगड्या भरल्या. भाऊजीनं फोटोले काच लावली, देवाजवळ ठेवला.

मी खुश हाय का, थे नको विचारू. मले बी कळून नाही राह्यलं. बावीसची होती, चौतिसची झाली.

गोजराबाई

बाईंनी वर ज्याचे नाव घेतले नाही ते मीही लिहीत नाही. माझी एकच विनंती. नळावर जाल तेव्हा त्याचे नाव विचारा. भुरीबाईंना नको, त्यालाच विचारा. — पुंजाजी

•

मोंबासा, ता. १९ जानेवारी १९३६

ती. मामीस नमस्कार.

उशिरा लिहिते, क्षमा कर. तब्येत बरी नव्हती. आता बरी आहे.

सोबत भाजीबाजाराचा फोटो आहे. डावीकडे केळी, उजवीकडे रताळी. हे मी दोनदा तपासलं आहे. संक्रांतीला भुरीबाईंकडे तिळगूळ दिला. इथे ऊन फार आहे. यांचा नमस्कार.

पुंजाजींनाही नमस्कार सांग.

रुखमा

•

शेलूबाजार, ता. १४ फेब्रुवारी १९३६

चि. सौ. रुखमाबाईस आशीर्वाद.

केळी पाह्यली, रताळी पाह्यली. तू त्याच्याबद्दल काहून लिहून नाही राह्यली? लहानपनी मडकं फुटे त तू दोन दिवस माह्याशी बोलत नोती, अन् मले कळे का मडकं फुटलं. काय फुटलं व?

भेटला अन् त्यानं वळख दिली नाही, असंच ना? तिकडं बाई केली असन त्यानं. सांग मले, मी मरत नाही.

मी रातदिस इचार केला. तो येत नसन त नको येऊ. त्याले म्हनजो, सोडचिठ्ठी दे. तू लिव, त्याचा अंगठा घे. "गोजराशी माहं नातं नाही, तिनं पाट लावावा," एवढ्या दोन ओळी. पंच मानतीन, भाऊजीले बी मानावं लागन. अखजीच्या आत धाडजो. जावयाले, इंद्रभानजीले, सांगजो, सासूनं काम सांगतलं हाय, टाळू नका.

इकडं भाऊजी म्हनते, पोरगी शिकली म्हनून त जगदेव सापडला. तुले शाळेत घालतानी हाच मानूस म्हने, "शिकून का दिवे लावनार हाय?" आता दिवे दिसून राह्यले त्याले.

गोजराबाई

रिसोडच्या बाजारात मापाऱ्याची जागा आहे, तिकडून बोलावणे आहे. अखजीनंतर जाईन म्हणतो. इथून पुढे बाईंची पत्रे कोण लिहील ते ठरलेले नाही. माझ्यावर राग धरू नये, पण तुम्ही काही लपवत असाल तर ते मलाही त्याच मापाने लागते आहे. — पुंजाजी

•

मोंबासा, रविवार, ता. १५ मार्च १९३६

ती. मामीस रुखमाचा साष्टांग नमस्कार.

पुंजाजी, हे पत्र मामीला शेवटपर्यंत वाचून दाखवा. मध्ये थांबू नका आणि मला वाचवायला एक शब्दही गाळू नका.

मामी, फोटोतला माणूस जगदेव मामा नाही. त्यानं डबा डाव्या खांद्यावर घेतलेलाच नाही. उजव्या खांद्यावर घेतला आहे. फोटो मी उलटा छापला.

फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मळकट. छापताना मळकट बाजू कागदाला लावायची असते. त्या दिवशी मी चकचकीत लावली. तसं केलं की पाण्यात पाहिल्यासारखं सगळं फिरतं, उजवं ते डावं होतं. गोवेकरानं सांगितलं होतं. मी मान हलवली होती. विसरले.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी मी तोच फोटो पुन्हा छापला, भुरीबाईंना द्यायला. यावेळी बरोबर छापला आणि खिडकीत धरून पाहिला. नळ शेजारच्या नारळाच्या झाडाच्या उजवीकडे. खिडकीतून खाली बघितलं, तिथेही उजवीकडे. तुला पाठवलेल्यात तो डावीकडे आहे. मामी, मी पायऱ्या मोजत बसले. तीन की चार, म्हणून तुला पत्र दुरुस्त करायला लावलं. आणि अख्खा नळ झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेला, ते दिसलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्या नळावर जाते.

ही झाली चूक. आता पाप लिहिते.

नोव्हेंबरात मी लिहिलं की भुरीबाई त्याला बंबईकडचा म्हणाल्या. त्यांचे शब्द असे होते, "होगा कोई बंबईवाला. हम सब यहाँ बंबईवाले ही हैं." जहाज मुंबईहून येतं, म्हणून इथे आपल्या देशाच्या प्रत्येकाला तेच म्हणतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी अर्धं वाक्य लिहिलं आणि अर्धं ठेवलं, कारण तुझं पत्र वाचून मला 'माहीत नाही' असं लिहायची छाती झाली नाही. तो पुन्हा दोनदा दिसला, मी पोचेपर्यंत गेला, हेही खोटं. दोन्ही वेळा तो तिथेच होता. परक्या पुरुषाला हाक कशी मारायची म्हणून मी रिकामी घागर घेऊन परत आले.

आणि जानेवारीत सगळं कळल्यावर मी तुला केळी पाठवली. तेव्हा तुझं पाटाचं पत्र माझ्या उशाखाली होतं.

तुझं सोडचिठ्ठीचं पत्र परवा शुक्रवारी आलं. वाचून मी उठले, घागर घेतली आणि नळावर गेले. तो होता. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं नाव काय?" तो दचकला. मग हसून म्हणाला, "छह महीने से घागर लेकर देखती है, आज बोली! मैंने समझा गूँगी है बेचारी." त्याचं नाव खेमा. कच्छकडचा गवंडी. इथे येऊन चार वर्षं झाली. बायको, दोन मुली गावाकडे आहेत. उजव्या हातानं तंबाखू मळत होता. मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, तशी नळावरच्या बायका थांबल्या. त्यानं मळलेली तंबाखू टाकून दिली. मग म्हणाला, "बहन, अंगूठा ही चाहिए ना? मेरा ले लो. यहाँ अंगूठा कौन पहचानता है?"

घरी येऊन यांना सांगितलं. तेही म्हणाले, "देतोय तर घे. मामी मोकळी होईल, गावाला साखर वाटायला आणखी एक निमित्त. चूक फिल्मची, तुझी थोडीच आहे?" माझ्यासाठीच म्हणाले ते.

मी लिहिली, मामी. दोन ओळी, तू सांगितल्या तशाच. खाली मामांचं नाव लिहिलं आणि अंगठ्यापुरती जागा सोडली. अक्षर फार चांगलं आलं. काल सकाळी कागद घेऊन नळापर्यंत गेले. खेमानं हात धुऊन पुढे केला. उजवा. तो अंगठा पाहिला आणि मला तुझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. त्या कागदानं तू मोकळी झाली असतीस. पण मामा जिवंत आहे, त्यानं तिकडे दुसरं घर केलं आणि दोन ओळींत तुला टाकून दिलं, हे तू मरेपर्यंत खरं मानलं असतंस. त्यानं तसं काहीही केलेलं नाही. त्यानं काय केलं ते कोणालाच माहीत नाही. इथे नसलेल्या माणसावर मी हा आळ घालणार होते, आणि तुझ्यावर त्याचा डाग. कागद तिथेच फाडला. खेमा म्हणाला, "पढ़े-लिखे लोगों का कुछ समझ में नहीं आता." मग मी त्याचा फोटो काढला, समोरून, डबा खांद्यावर घेऊन. हसतो आहे. नीट छापलेला आहे, तीनदा पाहिला. सोबत जोडते.

आता अडचण अशी की हे पत्र कोणी खरं मानणार नाही. मोठे मामा म्हणतील, पत्र वाचणारा पुंजाजी, पाट लावणारा पुंजाजी, त्यानंच मनचं वाचलं. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं तर म्हणतील, पोरीला फितवलं. पुंजाजी, तुम्ही मामीच्या तोंडून त्या पाठमोऱ्या माणसाचं कौतुक ऐकत होतात आणि शब्द न शब्द मला लिहून पाठवत होतात. तुमच्या इतकं खरं माप माझ्या हातून कधी झालं नाही. त्यासाठी तुम्हाला खोटं ठरवू देणार नाही.

म्हणून मी स्वतः येते. यांची रजा पुढच्या वर्षी आहे, तोवर थांबता येत नाही. भुरीबाई आणि दौलतसिंग १ एप्रिलच्या बोटीनं गावी निघाले आहेत. त्यांच्याबरोबर डेकवर माझी जागा झाली. हे आधी रागावले, काल रात्री न जेवताच झोपले. आज सकाळी माझ्या ट्रंकेला दोरी त्यांनीच बांधली आणि म्हणाले, "पंचांसमोर हळू बोलू नकोस. तुझा आवाज बसतो."

मुंबईहून मुर्तिजापूर, तिथून कारंजा, कारंज्याहून मोटारीनं शेलू. घ्यायला कोणाला पाठवू नकोस. मोठ्या मामांना आधी सांगू नकोस, आणि फोटोची काचही काढू नकोस. तो देवाजवळून मलाच उचलायचा आहे.

बरोबर ती फिल्म आणते आहे. कापसाच्या घडीत ठेवली आहे. पारावर पंचांना बोलवायचं, सगळ्यांसमोर ती उन्हात धरायची. एका बाजूनं माणूस डावखोरा दिसेल. फिरवली की उजवा. ज्याला शंका असेल त्यानं स्वतःच्या हातात घेऊन फिरवून पाहावी. मोठ्या मामांना पहिली देईन. लोक म्हणतील, शिकलेली पोर, तिनं काय दिवे लावले पाहा. म्हणू देत. त्यात माप कमी होऊ नये.

तुला क्षमा मागत नाही, कारण तू लगेच करशील. माझ्या वाटचं दळणही तू न बोलता दळत होतीस. हे माझं मला दळू दे.

नवी घागर कुंभाराकडे सांगून ठेव. आधी पारावर मी बोलेन, मग मामांच्या नावानं ती विहिरीवर भरू. तू भर, मी उचलू लागेन. डाव्या खांद्यावर.

पंचांना दिवस आजच कळवून ठेवा: अखजी, शुक्रवार, ता. २४ एप्रिल १९३६.

तुझी रुखमा